अर्ध्या कपाळाच्या आठ्या

माणसाला चेहरा एकच असतो, असं आपण समजतो. बँकेत नोकरी करणाऱ्याला दोन असतात, असं आमचे ग्राहक समजतात; एक साहेबांसमोरचा आणि एक काउंटरमागचा. शरीरशास्त्राचं म्हणणं तिसरंच आहे. त्या शास्त्राप्रमाणे प्रत्येकाला दोन अर्धे अर्धे चेहरे असतात. नाकाच्या शेंड्यावरून एक उभी रेघ मारायची. रेघेच्या अलीकडचा कारभार वेगळा, पलीकडचा वेगळा. दोन्हीकडे त्याच हुद्द्याचे नोकर, फक्त वीज वेगवेगळ्या खांबांवरून आलेली. एका बाजूची गेली तरी दुसरीकडचे दिवे चालूच. आमच्या सोसायटीत हे नेहमी घडतं. अशा वेळी ए विंगमधली माणसं बी विंगकडे ज्या नजरेनं बघतात, त्या नजरेनं माझ्या चेहऱ्याचा डावा भाग उजव्याकडे सात आठवडे बघत होता.

ही माहिती मला असायचं खरं म्हणजे काही कारण नव्हतं. बेडूक फाडावा लागू नये म्हणून ज्यांनी कॉमर्स घेतलं, त्या थोर परंपरेतला मी. पण नियती मोठी चिवट. बेडूक चुकवला तर ती तुम्हालाच टेबलावर घेते.

तेव्हा ज्यांनी माझ्यासारखंच बी.कॉम. केलंय, त्यांच्यासाठी हा विषय आपल्या भाषेत सांगतो. कुठल्याही कचेरीत दोन टेबलं असतातच: आवक आणि जावक. मेंदूतून मज्जातंतूंच्या बारा जोड्या निघतात. त्यातली पाचवी म्हणजे चेहऱ्याचं आवक खातं. गालावर माशी बसली, दाढ ठणकली, डोळ्यात कचरा गेला, कपाळावर कुणी थंड हात ठेवला, सगळ्याची नोंद पाचव्याच्या रजिस्टरात. सातवी जोडी म्हणजे जावक खातं. हसा, डोळे मिटा, भुवया चढवा, नाक मुरडा, हे सगळे हुकूम सातव्यातून सुटतात. पाचवा अगदीच नुसता आवक कारकून नाही. चावण्याच्या स्नायूंचं काम त्याच्याकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून दिलेलं आहे. प्रत्येक कचेरीत असा एक माणूस असतो आणि त्याला त्याचा भत्ता मिळत नाही.

या दोन टेबलांचा आपसातला मेळ बघण्यासारखा आहे. बुबुळाला कापसाचं टोक लागलं की पाचवा वर कळवतो आणि सातवा तत्काळ दोन्ही पापण्या मिटतो. मधे साहेबांची सही लागत नाही. तेवढ्या वेळात आमच्याकडे टोकनसुद्धा निघत नाही.

पाचव्याच्या तीन शाखा आहेत. शाखा म्हटलं की बँकवाल्याला बदलीची धडकी भरते, पण या शाखा जन्मात हलत नाहीत. पहिलीकडे कपाळ, वरची पापणी आणि नाकाचा शेंडा. दुसरीकडे खालची पापणी, गाल, वरचा ओठ, वरचे दात. तिसरीकडे खालचे दात, खालचा ओठ, हनुवटी आणि कानशील. वाचता वाचता भुवईच्या हाडावरून बोट फिरवून बघा. नाकाच्या अंगाला एक बारीकशी खाच लागेल. ते पहिल्या शाखेचं दार. तिथून साधारण सरळ खाली या. डोळ्याच्या खोबणीखाली दुसरीचं दार, आणि त्याच रेषेत हनुवटीच्या बाजूला तिसरीचं. तीन शाखा, तिन्हींची दारं एका ओळीत! आमच्या रीजनल ऑफिसला एवढं नियोजन कधी जमलेलं नाही. दाताचा डॉक्टर खालच्या जबड्यात सुई टोचतो, ती या तिसऱ्या शाखेचा संप घडवून आणण्यासाठी. ओठ उशीएवढा वाटतो, पण आरशात बघितलं तर जागच्या जागी. आवक बंद, जावक चालू.

डोक्याचं प्रकरण मात्र जरा हद्दीच्या वादाचं आहे. कपाळापासून वर टाळूपर्यंत अंमल पाचव्याचा. कानांवरून टाळूपर्यंत एक रेघ कल्पिली, तर तिच्यामागचं डोकं चेहऱ्याच्या खात्यात येतच नाही. ते मानेच्या मणक्यांतून वर चढणाऱ्या मज्जातंतूंकडे आहे. आणखी गंमत म्हणजे कानाखालचा जबड्याचा कोपरा. दिसायला अगदी चेहऱ्यात, दाढीसुद्धा तिथे चेहऱ्याच्या भावात होते, पण खातं मानेचं. ज्यांना हे विचित्र वाटत असेल त्यांनी आमच्या हिंजवडीत यावं. तालुका मुळशी, आयटी पार्क एमआयडीसीचा, पोलीस २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचे, आणि पत्ता विचारला तर प्रत्येक जण छाती काढून सांगतो, पुणे! खड्डा पडला की तो नेमका कुणाचा, हे ठरेपर्यंत त्यात दुसरा पडतो. जबड्याच्या कोपऱ्यानं त्या मानानं बरेच दिवस काढलेत.

मानेच्या त्या मज्जातंतूंची किंमत खरी कळते न्हाव्याच्या खुर्चीत. केस कापून झाल्यावर तो कवटीच्या मागे, मान जिथे सुरू होते तिथे, दोन अंगठे रोवतो आणि आपण डोळे मिटून मनातल्या मनात त्याला घर लिहून देतो. अंगठ्याखाली तिथेच तो मज्जातंतू कातडीकडे वर येतो. हे कळल्यापासून मी चंपीला चैन म्हणत नाही, वैद्यकीय खर्च म्हणतो. सौ.नं अजून मंजुरी दिलेली नाही.

आता सातवा. याची कथा वेगळी, कारण याचा रस्ता वाईट. कवटीतून बाहेर येण्यासाठी त्याला कानाजवळच्या हाडातून एका बोगद्यातून यावं लागतं. मेंदूतून निघणाऱ्या दुसऱ्या कुठल्याच मज्जातंतूच्या नशिबी हाडातला एवढा लांब प्रवास नाही. आणि सगळ्यात अरुंद जागी तो बोगदा एक मिलिमीटरही रुंद नाही. भूमकर चौकातून हायवेखालून सकाळी नऊ वाजता जो हिंजवडीकडे आला असेल, त्याला पुढचं सांगायला नको. आतली रहदारी जरा फुगली की सगळं ठप्प. बोगद्यातून सुटल्यावर हा कानाखालच्या लाळेच्या ग्रंथीत शिरतो आणि तिथे त्याचे पाच फाटे फुटतात: कानशिलाकडे, डोळ्याकडे, गालाकडे, खालच्या ओठाकडे आणि मानेकडे. गालावर पंजा पसरून ठेवला की बोटं जशी दिसतील, साधारण तसे. आणि ज्या ग्रंथीच्या अंगणातून हा एवढा गाजावाजा करत जातो, तिचं मात्र एकही काम करत नाही. आमच्या गावातून रोज कंपन्यांच्या एवढ्या बसगाड्या जातात, त्यातली एक तरी गाववाल्यासाठी थांबते का?

मागल्या नोव्हेंबरात एका सकाळी मी चूळ भरली आणि ती डाव्या कोपऱ्यातून आपण होऊन पायजम्यावर आली. दुसरी भरली, तीही आली.

“अहो, लहान आहात का?” असं म्हणत सौ. पुढे आली आणि माझ्या तोंडाकडे बघून गप्प झाली. आमच्या घरात सौ. गप्प झाली की परिस्थिती गंभीर समजतात. एक शब्द न बोलता तिनं कपाटातून मेडिक्लेमचं कार्ड काढलं आणि पर्समध्ये टाकलं.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, असेच एका सकाळी चहा पिताना उजवीकडून सांडले. आधी चहा, मग कप, मग ते. अठ्ठेचाळिसावं वर्ष. पुढे अकरा वर्षं खाटेवर. मी शेहेचाळीस. बाहेरच्या खोलीत आई शेंगा निवडत बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, आणि शेंगा निवडणं चालू ठेवलं. फक्त टरफलं दाण्यांच्या ताटात पडत होती.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई होत्या, आमच्या भाचीच्या वयाच्या. “काका, दोन्ही हात वर करा. माझी बोटं दाबा. नाव सांगा. चालून दाखवा.” सगळं दाखवलं. मग म्हणाल्या, “आता कपाळाला आठ्या घाला.”

बावीस वर्षांची नोकरी झालीये माझी. इतक्या सोप्या परीक्षेला मी आयुष्यात बसलो नव्हतो. सकाळच्या गर्दीत पासबुक भरून मागणाऱ्याकडे बघून आमच्या कपाळाला ज्या आठ्या पडतात, त्या शाखेचा गुडविल म्हणून ताळेबंदात दाखवता येतील. मी पूर्ण ताकद लावली. उजव्या बाजूला झकास चार आठ्या पडल्या. डावं कपाळ नव्या चेकसारखं कोरं.

“छान!” बाई म्हणाल्या. बँकेतल्या माणसाच्या आठ्यांना छान म्हणणारी ही जगातली पहिलीच व्यक्ती असावी.

“अहो, पण अर्धं कपाळ गेलंय त्यांचं,” सौ. कळवळून म्हणाली.

“गेलंय म्हणूनच छान, काकू.” आणि त्यांनी केसपेपरच्या पाठीवर चित्र काढून समजावलं. ते मी माझ्या भाषेत सांगतो. कपाळ हे जॉइंट खातं आहे, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’. प्रत्येक बाजूच्या कपाळावर मेंदूच्या दोन्ही अर्ध्यांची सही चालते. चेहऱ्याचा खालचा भाग मात्र एकट्याच्या नावावर, विरुद्ध बाजूच्या मेंदूच्या. पक्षाघातात बहुधा मेंदूचा एक खातेदार जातो. तोंड वाकडं होतं, पण दुसरा सही करतो आणि कपाळावर दोन्हीकडे आठ्या पडतात. माझं तसं नव्हतं. माझ्याकडे दोन्ही खातेदार ठणठणीत होते. बंद पडला होता तो बँकेचा रस्ता. बोगद्यात सातवा सुजून अडकला होता, म्हणून त्या बाजूचं कपाळासकट सगळं ठप्प. याला म्हणतात बेल्स पाल्सी. (हे वाचून कुणी आरशासमोर आठ्या मोजत घरी बसू नये. तोंड वाकडं झालं की आधी गाडी काढावी, आठ्या डॉक्टरांनी मोजाव्यात.) स्टेरॉइडच्या गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू झाल्या तर उत्तम, बहुतेक माणसं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुष्कळशी बरी होतात, असं बाईंनी सांगितलं. डोळ्यात थेंब घालायचे आणि रात्री पापणी चिकटपट्टीनं बंद करायची, कारण मिटायचा हुकूमच पोहोचत नाही. उघडा राहिलेला डोळा कोरडा पडून बिघडतो.

घरी येऊन हे आईला पटवणं हे खरं काम होतं. ती म्हणाली, “वारं लागलं.” यावर हसायचं कारण नाही. आयुर्वेदात या दुखण्याला अर्दित म्हणतात आणि ते वाताच्या विकारांतच मोजलेलं आहे. आईच्या बाजूनं दोन हजार वर्षांचा पुरावा होता, माझ्या बाजूनं एक केसपेपर. जॉइंट खात्याचं उदाहरण मी तिला तीनदा सांगितलं. शेवटी तिच्यासमोर बसलो आणि म्हटलं, “हे बघ, मला डावीकडे आठ्या घालता येत नाहीत. अण्णांना येत होत्या का?”

ती बराच वेळ माझ्या कपाळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “येत होत्या रे. बोलता येईना, पण भाजीत मीठ कमी पडलं की कपाळ चढायचं. दोन्हीकडून चढायचं.” तिनं माझ्या कोऱ्या कपाळावरून बोट फिरवलं. “हे वेगळंय,” म्हणाली. त्यानंतर तिनं ताटातली टरफलं वेगळी केली आणि आतून माझ्यासाठी मऊ भात घेऊन आली.

आठ दिवसांनी कामावर रुजू झालो. पहिली अडचण भाषेची. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ लागतात, हे शाळेत पाठ केलं होतं. ते खरं असतं हे आता कळलं. आणि बँकेचा सगळा धंदा नेमका ओठांवर. बँक, पासबुक, बॅलन्स, फॉर्म, पेन्शन, मॅनेजर! प्रत्येक शब्दाला डाव्या कोपऱ्यातून वारा सुटायचा. अख्ख्या व्यवसायात एकच शब्द मला स्वच्छ म्हणता येत होता: ‘नाही’. त्याला ओठ लागतच नाहीत. आमच्या पूर्वसूरींनी तो उगाच निवडलेला नव्हता.

दुसरी अडचण गंभीर होती. माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा तरी पापण्या मिटतो. माझी एकच मिटायची. काउंटरपलीकडच्या माणसाला, म्हणजे समजा आयटी कंपनीतल्या एखाद्या मुलीला, काय दिसत असेल? शेहेचाळीस वर्षांचा गृहस्थ एका कोपऱ्यातून हसतो आहे आणि मिनिटाला पंधरा वेळा डोळा मारतो आहे. मॅनेजरसाहेबांनी मला तातडीनं पेन्शनरांच्या टेबलावर बसवलं. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. आता तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही निघतो. पण आमचे काही पेन्शनर अजून स्वतः येतात, यंत्रापेक्षा माणसानं आपल्याला जिवंत म्हणावं, अशी त्यांची इच्छा असते. त्यांनी मला बघितलं आणि सगळे आनंदानं कामाला लागले. एकानं फुगे फुगवायला सांगितलं. एकानं च्युइंगगम दिलं. एकानं कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं आणि कबुतरं माझ्या गॅलरीतून घेऊन जा, असंही वर सुचवलं. एका आजींनी दाखल्यावर सही करता करता विचारलं, “तुमचा दाखला कोण देतो?”

जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चवही सातव्याच्याच तारेतून जाते, आणि ती तार कानाच्या पडद्याला लागून जाते. कुणी टाकली देव जाणे. त्यामुळे मिसळ मला उजवीकडे तिखट आणि डावीकडे सरकारी लागायची. कानाच्या आत एक मुंगीएवढा स्नायू असतो, मोठा आवाज आला की तो आखडून दणका कमी करतो. त्याचाही चालक सातवाच. तो बंद पडल्यामुळे शिवाजी चौकातले हॉर्न डाव्या कानात दुप्पट भावानं जमा होऊ लागले. मेट्रोच्या खांबाआड उभा राहून मी डाव्या कानावर हात ठेवायचो, तेव्हा लोकांना वाटायचं, मी फोनवर बोलतोय.

संध्याकाळी मी आरशासमोर अ, ई, ऊ करत बसे. डावा डोळा मिटायला गेलो की बुबुळ वर पळायचं आणि पांढरं दिसायचं. ज्या चार्ल्स बेलचं नाव या दुखण्याला आहे, त्यानंच हीही गोष्ट टिपून ठेवली आहे. हा स्कॉटिश सर्जन हातानं चित्रंही उत्तम काढायचा. वॉटर्लूच्या लढाईनंतर जखमींवर उपचार करता करता त्यांची चित्रं त्यानं काढली. १८२१ साली त्यानं चेहऱ्याच्या मज्जातंतूंवर निबंध लिहिला. आमच्या चिरंजीवांनी मोबाइलवर शोधून आणखी एक नाव काढलं: कॅनडाचे झाँ क्रेत्यें. लहानपणापासून अर्ध्या तोंडानं बोलणारे. १९९३ च्या निवडणुकीत विरोधकांनी त्यांच्या चेहऱ्याकडे बोट दाखवणारी जाहिरात काढली. लोक इतके चिडले की ती लगेच मागे घ्यावी लागली. क्रेत्यें पंतप्रधान झाले आणि सत्तेवर असलेल्या त्या पक्षाच्या दोन जागा उरल्या.

आईला कॅनडात रस नव्हता. तिनं माझ्या डाव्या डोळ्याकडे बघून सांगितलं, “ललिता पवार दिसतोस.” येवल्याच्या ललिता पवार. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रणात भगवानदादांची थप्पड जोरात बसली आणि चेहऱ्याला पक्षाघात झाला, डाव्या डोळ्याला इजा झाली. तीन वर्षं उपचार. तोपर्यंत त्या नायिका होत्या. त्यानंतर नायिकेच्या भूमिका गेल्या. राहिला तो बारीक झालेला डोळा, आणि त्याच्या जोरावर बाईंनी पन्नास वर्षं महाराष्ट्रातल्या सुनांची झोप उडवली. ‘श्री ४२०’मधली केळेवाली, ‘अनाडी’तल्या मिसेस डिसा, १९८७ सालच्या दूरदर्शनच्या ‘रामायणा’तली मंथरा. लक्ष्मणरेषेपेक्षा तिच्या पापणीची रेषा लोकांना जास्त आठवते. १९९८ साली त्या गेल्या, त्या आमच्या इथून जवळच, औंधला. आईनं त्यांचा एकही सिनेमा सोडलेला नव्हता, आणि एकदाही त्यांना माफ केलं नव्हतं.

सातव्या आठवड्यात एक तरुण इंजिनियर पेन्शनरांच्या टेबलाशी येऊन म्हणाला, “सर, आधारची झेरॉक्स व्हॉट्सअपवर पाठवली तर चालेल का? आणि फॉर्म तुम्हीच भराल का?” मी वर बघितलं. तो एकदम मागे सरला. “सॉरी सर, उद्या आणतो.” मी उठून त्याचा हात हातात घेतला आणि विचारलं, “खरं सांगा, दोन्हीकडे पडल्या का?” त्या मुलानं आमच्या शाखेतलं खातं अजून ठेवलंय, हे त्याचं मोठेपण.

आता चेहरा रुपयात पंधरा आणे जागेवर आहे. एक आणा राहिलाय. मज्जातंतूच्या तारा पुन्हा वाढताना कधी कधी फलाट चुकतात. लाळेच्या ग्रंथीकडे निघालेली एखादी तार अश्रूंच्या ग्रंथीला जाऊन मिळते. चुकीच्या खात्यात जमा झालेली रक्कम आम्ही उलट नोंद करून परत घेतो, इथे ती सोय नाही. त्यामुळे जेवायला बसलो की माझ्या फक्त डाव्या डोळ्यातून पाणी येतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला मगरीचे अश्रू म्हणतात, क्वचित कुणाला होतं, त्रास फार वाटला तर उपाय आहेत. मी घ्यायला तयार होतो. पण परवा सौ.च्या माहेरची मंडळी जेवायला होती. पहिल्याच घासाला माझा डावा डोळा वाहू लागला. सगळे हात थांबवून माझ्याकडे बघायला लागले.

“काही नाही,” सौ. पोळी वाढता वाढता म्हणाली, “माझ्या हातचं जेवताना हल्ली ह्यांना भरून येतं.”